डॉ. पट्टाभि सीतारामय्या

आपल्या नगरचा भुईकोट किल्ला चांदबिबीच्या स्मृतीमुळे सर्वांस परिचित आहे. १९४२ च्या ऑगस्टपासून अडीच वर्षांहून अधिक काळ याच किल्ल्यात इंग्रज सरकारने काँग्रेस कार्यकारिणीच्या सभासदांस बंदिवासात ठेविले होते. पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद यांची नावे विद्यार्थ्यांस पाठ असतात. परंतु त्या बारा जणांत व्यवसायाने वैद्य असलेले एक गृहस्थ होते, त्यांची आठवण क्वचितच निघते. ते डॉ. भोगराजू पट्टाभि सीतारामय्या होत. डॉ. सय्यद महमूद व डॉ. प्रफुल्लचंद्र घोष हेही तेथे होते खरे. पण त्यांच्या पदव्या विद्वत्तेच्या, नाडीपरीक्षेच्या नव्हत.

पट्टाभींचा जन्म १८८० साली आंध्र प्रांती झाला. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात शिक्षण घेऊन त्यांनी पुढे वैद्यकाची पदवी मिळविली आणि मछलीपट्टण येथे दवाखाना थाटला. व्यवसायात जम बसला असता, सुमारे १९१६ साली, तो सोडून ते देशकार्यात पडले. इतक्या श्रमाने संपादिलेली विद्या अशी बाजूस ठेवणे कित्येक पालकांस रुचणार नाही, व त्यांची शंका अगदीच अनाठायी म्हणता येत नाही. गावातला एक जाणता डॉक्टर त्या दिवशी कमी झाला.

त्याच्या मोबदल्यात समाजास काय मिळाले, हे मात्र पाहिले पाहिजे. १९२३ साली त्यांनी मछलीपट्टणास आंध्र बँक स्थापन केली. वसूल भांडवल अवघे १ लाख रुपये. सावकारी व्याज म्हणजे काय, हे नगरकरांस नव्याने सांगावयास नको. १८७५ साली याच जिल्ह्यात व पुणे जिल्ह्यात रयतेने सावकारांची खतपत्रे जाळली होती. शेकडो घरांतील लहान लहान शिल्लक ठेवरूपाने एकत्र करावी आणि तीच माफक व्याजाने गरजूंस कर्जाऊ द्यावी, ही बँकेची रीत होय. पट्टाभींनी विमा कंपनीही काढली. आंध्र बँक २०२० साली युनियन बँकेत विलीन होईपर्यंत चालली.

राजकारणात त्यांस यश व अपयश दोन्ही लाभले. १९३९ साली काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषबाबूंनी त्यांचा पराभव केला, तेव्हा हा पराभव त्यांच्याहून माझाच अधिक, असे गांधीजींनी जाहीर केले. १९४८ साली ते अध्यक्ष झाले.

मराठी वाचकांस त्यांच्याविषयी एक गोष्ट खटकेल. आंध्राचा स्वतंत्र प्रांत व्हावा म्हणून ते तीस वर्षे झटले. तथापि नेहरू, पटेल व ते स्वतः अशा तिघांच्या समितीने १९४९ साली भाषावार प्रांतरचना तूर्त लांबणीवर टाकावी, आणि मुंबई शहर कोणत्याही एका भाषिक प्रांतास देऊ नये, असे मत दिले. मद्रास शहरावरील हक्क सोडल्यास आंध्राचा विचार करता येईल, एवढी वाट मात्र मोकळी ठेविली. हा पक्षपातच, असे आम्हांस वाटते. संयुक्त महाराष्ट्र परिषदेचे अध्यक्ष शंकरराव देव हे तर नगरच्या किल्ल्यातील त्यांचे सहबंदी.

पुढे १९५२ ते १९५७ पर्यंत पट्टाभि मध्य प्रदेशाचे राज्यपाल होते. त्या राज्याची राजधानी तेव्हा नागपूर होती. १९५६ च्या नोव्हेंबरात विदर्भाचे मराठी जिल्हे त्या राज्यातून निघून मुंबई राज्यात आले, तेही त्यांच्याच कारकीर्दीत. १९५९ च्या डिसेंबरात ते निवर्तले. महाराष्ट्र राज्य होण्यास तेव्हा साडेचार महिने अवकाश होता.