विजेवरचा ‘छोटा हत्ती’ लीजवर घेताना

लीज : ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या मासिक भाड्यावर गाडी वापरण्याचा करार. कर्जावर घेतलेली गाडी आपली असते, आरसीवर बोजा बँकेचा. लीजमध्ये मालकी गाडी देणाऱ्याकडेच राहते.

दोन प्रकार, आणि हा फरक सर्वांत महत्त्वाचा : ऑपरेटिंग लीजमध्ये मुदत संपली की गाडी परत, विमा आणि देखभाल बहुधा भाड्यातच धरलेली. जुन्या गाडीला, म्हणजे मुख्यतः थकलेल्या बॅटरीला, पुढे काय भाव येईल याची जोखीम लीज देणाऱ्या कंपनीची. फायनान्स लीजमध्ये गाडीची जवळजवळ पूर्ण किंमत हप्त्यांतून फिटते. देखभाल आणि जोखीम दोन्ही आपल्याकडे.

गाडी : टाटा एस ईव्ही, म्हणजेच विजेवरचा ‘छोटा हत्ती’, मे २०२२ मध्ये आली. बॅटरी २१.३ किलोवॅट-तास, भारक्षमता ६०० किलो, प्रमाणित पल्ला १५४ किमी. भरलेल्या गाडीला, घाटरस्त्यावर तो कमीच मिळतो.

सरकारी बाजू
• ई-वाहनांवरील जीएसटी १ ऑगस्ट २०१९ पासून १२ वरून ५ टक्के.
• बॅटरीवरील व्यावसायिक वाहनांना परमिटमधून सूट : ऑक्टोबर २०१८.
• नंबरप्लेट हिरवी, अक्षरे पिवळी. (खासगी ई-वाहनाची अक्षरे पांढरी.)

सहीपूर्वी करारात पाहा : किलोमीटरची मर्यादा व जादा किलोमीटरचा दर, मुदतीआधी गाडी परत केल्यास दंड, चार्जर बसवण्याचा खर्च कोणाचा. बॅटरीची वॉरंटी लीजच्या मुदतीपेक्षा कमी असेल, तर मधल्या काळातील जबाबदारी लेखी घ्या.