बिल्डिंग ‘गेली’ म्हणजे काय झालं?

मीरा रोडला संध्याकाळी भाजी घेताना हा प्रश्न हमखास कानावर पडतो, “तुमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली का?” मिठागरं आणि शेतांच्या शेजारी १९८०-९०च्या दशकांत उभ्या राहिलेल्या इथल्या बिनलिफ्टच्या चार मजली इमारती आता थकल्या आहेत. छताचे पोपडे निघून सळया दिसतात. वरच्या मजल्यावरच्या आजींना जिना उतरवत नाही. अशा घरांत माणसं ‘रिडेव्हलपमेंट’ या शब्दाकडे केवढी आशा लावून बसलेली असतात!

‘डेव्हलप’ आला फ्रेंचमधून. मूळ अर्थ, गुंडाळलेलं उलगडणं. पत्राचं ‘एन्व्हलप’ त्याच घराण्यातलं. कॅमेऱ्याचा रोल डेव्हलप करायचा म्हणजे त्यात दडलेलं चित्र बाहेर आणायचं. आपण त्याला ‘रोल धुवायला देणं’ म्हणायचो. आपला ‘विकास’ही संस्कृतात उमलण्याचा शब्द, कमळ विकसतं तसा. म्हणजे दोन्हीकडे आत असलेलंच बाहेर येतं. इमारत मात्र आधी पाडावी लागते, आणि ते पाडणं ना ‘रिडेव्हलपमेंट’मध्ये दिसतं, ना ‘पुनर्विकासा’त.

मला ‘जीर्णोद्धार’ अधिक खरा वाटतो. जे झिजलं त्याला तो आधी जीर्ण म्हणतो आणि मग वर काढतो. काशी विश्वनाथाचं मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाईंनी नव्याने उभारलं, तरी आपण त्याला जीर्णोद्धारच म्हणतो. शिवाय जीर्णोद्धार कुणीतरी ‘करतं’. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला ‘जाते’. या ‘जाते’मध्ये करणारा कुठेच नाही, आणि मला तेच खुपतं. कारण सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९च्या शासन निर्णयात करणारी सोसायटीच आहे. किमान ५१ टक्के सभासदांची संमती लागते, सल्लागार सोसायटीने नेमायचा असतो, विकासक सर्वसाधारण सभेत ठरतो.

अडतं ते बहुधा जमिनीपाशी. १९६३च्या मोफा, म्हणजे सदनिका-मालकीच्या कायद्याप्रमाणे बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. कित्येकांनी ती दिलीच नाही, म्हणून कायद्यात ‘मानीव अभिहस्तांतरण’ आलं. बिल्डरने सही केली नाही तरी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून हक्क मिळवता येतो. हा मराठी शब्द मात्र कागदावरच राहिला. जिन्यात सगळे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ म्हणतात. तो न करता निविदांच्या गप्पा मारणाऱ्या सोसायट्यांची मला काळजी वाटते, कारण तिथे सही करणाऱ्याच्या पायाखालची जमीन अजून दुसऱ्याच्या नावावर असते.

आणखी एक. गेलेली बिल्डिंग परत ‘आली’ असं कुणी म्हणत नाही. ‘पझेशन मिळालं’ म्हणतात. ते मिळेपर्यंत मुलांची शाळा, दूधवाला, आजींची औषधं, सगळं भाड्याच्या पत्त्यावर चालू असतं.