मुस्लिम समाजातील धर्मचिकित्सा आणि धर्मांधता

पोहरादेवी आणि मंगरूळपीर ही आपल्या वाशीम जिल्ह्यातलीच दोन गावे. एका गावी संत सेवालाल महाराजांची समाधी असून रामनवमीला तेथे बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. दुसऱ्या गावाच्या नावातला 'पीर' म्हणजे दादा हयात कलंदर. त्यांच्या दर्ग्याला नवस बोलणाऱ्यांत हिंदूही असतात, हे वऱ्हाडात कोणाला मुद्दाम सांगावे लागत नाही. या दोन्ही ठिकाणच्या श्रद्धेची चिकित्सा करता येते, आणि ती झालीही पाहिजे. यात्रेत बोकडाचा बळी कशासाठी, असा प्रश्न पोहरादेवीला विचारला गेला आहे आणि विचारणाऱ्यांत समाजातलीच माणसे आहेत. दर्ग्याच्या जाळीला धागा बांधल्याने मुलाचा ताप उतरतो काय, असा प्रश्न मुसलमानानेही विचारावा. त्यात पिराचा अपमान नाही.

आता याच कलंदर परंपरेतली दुसरी एक घटना पाहा. 16 फेब्रुवारी 2017 रोजी, गुरुवारी संध्याकाळी, सिंध प्रांतातील सेहवान येथे लाल शहबाज कलंदरांच्या दर्ग्यात माणसे नेहमीप्रमाणे जमली असताना आत्मघातकी स्फोट झाला. ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्यांत बायका होत्या, मुले होती, आणि बहुतेक सारी मुसलमानच होती. त्याआधी 2012 मध्ये आफ्रिकेतील माली देशात टिंबक्टू शहर अतिरेक्यांनी ताब्यात घेतले, तेव्हा तेथील जुन्या संतांच्या कबरी कुदळींनी फोडल्या गेल्या. कबरीपुढे नतमस्तक होणे हा इस्लामविरुद्ध अपराध आहे, असे त्यांचे म्हणणे.

म्हणजे 'दर्ग्याला जाऊ नका' असे विवेकवादीही सांगतो आणि धर्मांधही सांगतो! दुरून ऐकणाऱ्याला दोघांचे वाक्य सारखेच वाटेल. मग भेद कोठे आहे? विवेकवादी माणूस आपले म्हणणेही त्याच तराजूत घालायला तयार असतो. समोरच्याने नाही म्हटले तर तो पुन्हा उद्या येतो. धर्मांधाला उत्तर आधीच सापडलेले असते, आणि एकदा उत्तर सापडले की प्रश्न विचारणारा माणूसच त्याला नको होतो. श्रद्धा फार झाली की धर्मांधता होते, असे आपण सहज बोलून जातो. ते मला बरोबर वाटत नाही. मंगरूळपीरला पायी जाणाऱ्या म्हातारीची श्रद्धा कोणत्याही अतिरेक्यापेक्षा कमी नसते.

बुद्धिवाद हा मुसलमानांना परका आहे, हीही अशीच एक सैल समजूत आहे. बगदादमध्ये नवव्या शतकात मुअतजिला या पंथाचे पंडित बुद्धीला मोठे स्थान देत होते. पण त्यांच्या कथेचा पुढचा भाग अधिक बोधप्रद आहे. खलिफा मामून याने 833 मध्ये या पंडितांचे 'कुराण हे निर्मित आहे' हे मत काझी आणि विद्वान यांच्यावर सक्तीने लादले. जो मान्य करणार नाही त्याची चौकशी. इमाम अहमद इब्न हंबल यांनी नकार दिला. त्यांना तुरुंगात टाकले आणि पुढच्या खलिफाच्या काळात फटकेही मारले. परिणाम काय झाला? सनातनी पक्षाला एक हुतात्म्यासारखा पुरुष मिळाला आणि बुद्धिवाद लोकांच्या मनात दरबाराच्या चाबकाशी कायमचा जोडला गेला. पुढे स्पेनमध्ये इब्न रुश्दवर उलटी पाळी आली. 1195 मध्ये त्याला हद्दपार केले आणि त्याचे तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले. त्याची अॅरिस्टॉटलवरील भाष्ये मग ख्रिस्ती युरोपातील विद्यापीठांनी अभ्यासली. सत्तेने बुद्धिवाद लादला तेव्हाही तो रुजला नाही, आणि सत्तेने तो चिरडला तेव्हा तो दुसऱ्याच्या अंगणात जाऊन वाढला.

विसाव्या शतकात या प्रश्नाचा जो सर्वांत निर्भीड कागद मुसलमानांनीच लिहिला, तो पाकिस्तानात लिहिला गेला. 1953 मध्ये पंजाबात अहमदिया पंथाविरुद्ध दंगली झाल्या. त्यांच्या चौकशीसाठी बसलेले न्यायमूर्ती मुनीर आणि न्यायमूर्ती कयानी यांनी उलेमांना एक साधा प्रश्न विचारला : मुसलमान कोणाला म्हणावे? 1954 च्या अहवालात त्यांनी नोंदवले की कोणत्याही दोन उलेमांचे उत्तर जुळले नाही. ज्या व्याख्येसाठी माणसे मारली गेली, ती व्याख्या करणाऱ्यांपाशीच नव्हती. तरी 1974 मध्ये पाकिस्तानने घटनादुरुस्ती करून अहमदियांना मुस्लिमेतर ठरवलेच.

आता महाराष्ट्राकडे वळू. 18 एप्रिल 1966 रोजी मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांनी विधिमंडळावर मोर्चा नेला. सात म्हणजे अवघ्या सात! तोंडी तलाक बंद करा, बहुपत्नीत्व बंद करा, सर्वांना समान नागरी कायदा द्या, अशा त्यांच्या मागण्या होत्या. मोर्च्यामागे हमीद दलवाई होते आणि मोर्च्यात त्यांच्या पत्नी मेहरुन्निसा होत्या. दलवाई चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, मराठी कथाकार, 'इंधन' कादंबरीचे लेखक. 22 मार्च 1970 रोजी पुण्यात त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. नाव घेतले ते जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. 3 मे 1977 रोजी, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच, दलवाई गेले.

याच काळात मुंबईत सुधारणेची दुसरीही वाट होती. न्यायशास्त्रज्ञ आसफ फैजी यांचे म्हणणे असे की, धर्म आणि कायदा यांची फारकत करावी. इस्लामचे सार कायम आहे, कायदा मात्र काळाप्रमाणे बदलतो. एका दमात दिलेला तीन तलाक कुराणातील पद्धतीला धरून नाही, तेथे मुदत आहे, दोन्ही घरांतले मध्यस्थ आहेत, असा युक्तिवाद अनेक सुधारक करतात. दलवाई या वाटेने गेले नाहीत. ग्रंथात काय आहे हे पाहण्याआधी बाईवर अन्याय होतो की नाही ते पाहा, आणि भारतीय राज्यघटनेने दिलेली समता तिलाही द्या, अशी त्यांची भूमिका. मला स्वतःला दलवाईंची भूमिका अधिक सरळ वाटते. परंतु ग्रंथावर श्रद्धा ठेवून जगणाऱ्या बाईला फैजींची वाट जवळची वाटली, तर तिला दोष का द्यावा?

दलवाईंना स्वसमाजातून शिव्या मिळाल्या. इतर श्रोत्यांकडून त्यांना टाळ्या मिळाल्या, आणि त्या टाळ्यांविषयीही थोडे बोलले पाहिजे. शेजाऱ्याच्या घरातली धूळ दाखवणारा माणूस आपल्याला फार आवडतो. हिंदू समाजातही आधुनिक, उदारमतवादी वर्ग बळकट व्हावा असे दलवाई सांगत, आणि हिंदू जातीयतेवरही टीका करीत. तो भाग टाळ्या वाजवणाऱ्यांच्या स्मरणात कमी राहिला. दलवाईंचे नाव घेऊन मुसलमान शेजाऱ्याला हिणवणे म्हणजे त्यांची चिकित्सा पुढे नेणे नव्हे.

मोर्च्यानंतरची वाट सरळ गेली नाही. इंदूरच्या शाहबानोला वृद्धापणी तलाक मिळाला. तिला ठरलेली पोटगी होती महिना 179 रुपये 20 पैसे. 23 एप्रिल 1985 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. त्यावर एवढा गदारोळ उठला की 1986 मध्ये संसदेने वेगळाच कायदा करून निकालाचा आधार काढून घेतला. त्याच 1985 साली सत्यशोधक मंडळाच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातून तलाकमुक्ती मोर्चा काढला. त्यांत पुण्याचे सय्यदभाई होते. त्यांच्या स्वतःच्या बहिणीला तोंडी तलाक मिळाला होता, तेथून त्यांचा प्रश्न सुरू झाला. दलवाईंची भेट पुढची.

अखेर 22 ऑगस्ट 2017 रोजी, शायराबानो या स्त्रीच्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने एका दमातील तीन तलाक रद्द ठरवला. 2019 च्या कायद्याने असा तलाक देणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. निकाल आणि शिक्षा या दोन गोष्टी निराळ्या आहेत. नवरा तुरुंगात गेल्यावर पोटगी द्यायची कोणी, असे विचारणाऱ्या कार्यकर्त्या तलाकच्या बाजूच्या ठरत नाहीत. बगदादच्या चाबकाची गोष्ट ज्याने ऐकली आहे त्याने तरी त्यांचे म्हणणे ऐकून घ्यावे.

सात स्त्रियांच्या पहिल्या मागणीला असे 51 वर्षांनी उत्तर मिळाले. मेहरुन्निसा दलवाई त्याच वर्षी जूनमध्ये वारल्या होत्या. बहुपत्नीत्वाविषयीची मागणी महाराष्ट्रात अजून कागदावरच आहे.