उंदीर नाही म्हणाला, कोंबडी हो म्हणाली

काळीज या शब्दावर आम्हा कवी मंडळींचा बराच संसार चालतो. काळीज तुटतं, काळजाला घरं पडतात, कुणाचं काळीज दगडाचं असतं. उर्दूतलं जिगरही त्याच चालीचं. पण मटणाच्या दुकानात जाऊन काळीज मागितलं, तर दुकानदार जे तोलून देतो ते हृदय नसतं, यकृत असतं. जिगरचा मूळ अर्थही यकृतच. या दोन अवयवांची भाषेत अदलाबदल कशी झाली ते भाषातज्ज्ञांनी सांगावं. मला त्याची आठवण झाली ती एका औषधामुळे. हृदयाचा झटका टाळण्यासाठी दिलं जाणारं हे औषध आपलं मुख्य काम करतं यकृतात. आणि ते काम कसं चालतं हे कळण्यासाठी उंदीर, कोंबड्या, कुत्रे आणि आजारी माणसांच्या कातडीचे बारीक तुकडे, इतक्या सगळ्यांना साक्षीला बोलवावं लागलं.

हे औषध म्हणजे स्टॅटिन. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोझुवास्टॅटिन ही नावं आज मेडिकलच्या दुकानातल्या पोऱ्यालाही पाठ असतात. पन्नाशी ओलांडलेल्या चार माणसांच्या घोळक्यात एकाच्या तरी खिशात ती गोळी निघते.

तिची गोष्ट सांगण्याआधी प्रथिनांबद्दल थोडं बोलावं लागेल. प्रथिन म्हटलं की आपल्याला डाळ आणि अंडी आठवतात. पेशीच्या आत मात्र प्रथिनं म्हणजे कामकरी माणसं. कुणी वाहून नेतं, कुणी निरोप घेतं, कुणी एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करतं. या शेवटच्या जातीला एन्झाइम म्हणतात. आपल्या शरीरातलं बरंचसं कोलेस्टेरॉल खाण्यातून येत नाही, शरीर ते स्वतःच तयार करतं आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. अगदी साध्या, दोन कार्बनच्या तुकड्यापासून सुरुवात करून सुमारे तीस पायऱ्यांनी ते घडतं. या पायऱ्या उलगडण्याच्या कामासाठी कॉनराड ब्लॉक आणि फिओडोर लिनेन यांना १९६४ साली नोबेल मिळालं. तीसपैकी सुरुवातीची एक पायरी कळीची आहे. तिथे एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम बसलेलं असतं. आपल्याकडे गावात पाणी सोडणारा चावीवाला असतो ना, तसं. पाइपलाइन कितीही लांब असो, कोणत्या आळीला किती पाणी जाणार ते तो ठरवतो.

या चावीवाल्याला थोपवणारा पदार्थ शोधावा, असं जपानमधल्या अकिरा एन्डो यांच्या मनात आलं. १९३३ साली अकिता प्रांतातल्या शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म. आजोबांमुळे लहानपणापासून बुरशी आणि अळंबी यांची ओढ लागलेली. टोकियोत सांक्यो या औषध कंपनीत नोकरी करताना ते दोन वर्षं न्यूयॉर्कला राहून आले आणि तिथलं हृदयविकाराचं प्रमाण पाहून अस्वस्थ झाले. त्यांचा तर्क साधा होता. बुरशी शत्रूंना मारण्यासाठी विषं बनवते. पेनिसिलिन हे त्यातलंच एक. काही सूक्ष्म जीवांना जगायला कोलेस्टेरॉलसारखे पदार्थ लागतात. मग एखादी बुरशी त्या पदार्थांची निर्मितीच बंद पाडणारं अस्त्र बाळगून असणार.

१९७१ पासून दोनेक वर्षं त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ६००० प्रकारच्या बुरशी आणि तत्सम जीव तपासले. पद्धत लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे. उंदराचं यकृत कुटून त्याचा अर्क काढायचा. त्यात किरणोत्सारी कार्बनची खूण असलेला कच्चा माल घालायचा. मग बुरशीचा रस टाकायचा आणि ती खूण शेवटच्या मालात पोचते की नाही ते पाहायचं. पोचली नाही, तर रसात काहीतरी आहे. क्योटोतल्या एका धान्याच्या दुकानातून आणलेल्या तांदळावर वाढलेल्या निळसर हिरव्या बुरशीत असं 'काहीतरी' सापडलं. १९७३ मध्ये ते शुद्ध रूपात हाती आलं. नाव पडलं कॉम्पॅक्टिन. त्याच्या रेणूचा एक भाग चावीवाल्याच्या नेहमीच्या मालासारखाच दिसतो, त्यामुळे एन्झाइम फसतं, त्यालाच धरून बसतं आणि काम ठप्प होतं. त्यासाठी मात्राही अगदी चिमूटभर लागते.

१९७४ मध्ये ते जिवंत उंदरांना दिलं. रक्तातलं कोलेस्टेरॉल ढिम्म हललं नाही. मात्रा वाढवली, दिवस वाढवले, तरी तेच.

नळीत वापरलेला यकृताचा अर्क उंदराचाच होता. त्या अर्कात हे औषध बिनचूक काम करत होतं. तेच यकृत जिवंत उंदराच्या पोटात असताना मात्र औषधाला दाद देत नव्हतं. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसताच बसलो. माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, विज्ञानाशी नातं वाचकाचं. पण ही अडचण मला अगदी ओळखीची वाटली. शब्दकोशात शब्दाला एक अर्थ असतो आणि ओळीत बसवला की शेजारचे शब्द त्याला वेगळंच वळण लावतात. नळीतलं एन्झाइम हे कोशातल्या शब्दासारखं एकटं असतं. पेशीत त्याला शेजारी असतात.

उंदराच्या यकृतात काय घडलं ते नंतर उलगडलं. एन्झाइम अडवलं गेलंय हे कळताच पेशींनी तेच एन्झाइम कित्येक पटींनी जास्त बनवायला घेतलं. एका चावीवाल्याला कोंडलं, तर नगरपालिकेनं आणखी आठ-दहा नेमले. शिवाय आपल्या रिपोर्टमध्ये एलडीएल म्हणून लिहिलेलं असतं ते 'वाईट' कोलेस्टेरॉल निरोगी उंदराच्या रक्तात मुळातच कमी. कमी करायचं तरी काय?

औषध कंपनीत अशा वेळी फाइल बंद होते. कॉम्पॅक्टिनचीही झालीच असती. एन्डो मात्र इतर प्राण्यांचा विचार करत राहिले. कंपनीत नोरितोशी किटानो नावाचे सहकारी दुसऱ्या कामासाठी कोंबड्या पाळून होते. अंडी देणारी कोंबडी बलकासाठी भरपूर कोलेस्टेरॉल बनवते, तेव्हा तिच्यात फरक दिसायला हवा. १९७६ च्या सुरुवातीला किटानो यांच्या कोंबड्यांच्या खाद्यात हजारात एक भाग या हिशेबानं औषध मिसळलं. काही आठवड्यांत त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं. कोंबड्या खात होत्या, वजन राखून होत्या, अंडीही देत होत्या. पुढे कुत्रे आणि माकडं यांच्यातही गुण दिसला.

इथे आपण जपान सोडून अमेरिकेत, डॅलसला जाऊ. एन्डो औषधाच्या बाजूनं येत होते, तर मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोन डॉक्टर त्याच एन्झाइमकडे आजाराच्या बाजूनं येत होते. काही घराण्यांत कोलेस्टेरॉल जन्मतःच भयंकर वाढलेलं असतं. आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला, तर मुलांना शाळकरी वयातही हृदयविकार होतो. या दोघांनी अशा रुग्णांच्या कातडीचे तुकडे घेऊन त्यांच्या पेशी काचेच्या थाळीत वाढवल्या. निरोगी पेशींच्या भोवती एलडीएल घातलं, की आतला चावीवाला काम थांबवत असे. बाहेरून माल मिळतोय, घरी कशाला बनवा! रुग्णाच्या पेशीतला चावीवाला मात्र एलडीएलच्या डबक्यात बसूनही चावी सोडूनच बसलेला.

सरळ निष्कर्ष असा निघतो की त्याचं एन्झाइमच बिघडलंय. त्यांनाही आधी तसंच वाटलं. मग त्यांनी एक सुरेख प्रयोग केला. एलडीएलच्या पुडीतून न देता नुसतं कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून त्याच पेशींना दिलं. ते पेशीच्या आवरणातून थेट आत झिरपलं आणि रुग्णाच्या पेशीतलं एन्झाइमही मुकाट्यानं थांबलं. म्हणजे चावीवाला धडधाकट होता. बाहेर माल पडलाय हा निरोपच त्याच्यापर्यंत पोचत नव्हता, कारण एलडीएलला आत घेणारं दारच त्या पेशींना नव्हतं. हे दार म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रथिन, एलडीएल रिसेप्टर. १९७४ साली त्यांनी ते दाखवून दिलं आणि १९८५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. जिवंत पेशीला प्रश्न कसा विचारावा, याचा यापेक्षा चांगला नमुना मला ठाऊक नाही.

आता दोन्ही टोकं जुळतात. स्टॅटिननं यकृतातलं उत्पादन अडलं, की पेशींना कोलेस्टेरॉलची चणचण भासते. त्या दोन गोष्टी करतात. एन्झाइम वाढवतात आणि दारंही वाढवतात. उंदरात पहिली गोष्ट इतकी झाली की औषध वाया गेलं. कुत्र्यात आणि माणसात दुसरी गोष्ट बाजी मारते. वाढलेल्या दारांतून यकृत रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. १९८१ मध्ये कुत्र्यांच्या यकृतावर हे प्रत्यक्ष मोजून दाखवलं गेलं. म्हणजे गोळीमुळे कोलेस्टेरॉल उतरतं ते बरंचसं या वाढीव दारांमुळे, आणि ही दारं गोळी घेणाऱ्याचं यकृत स्वतःच उघडतं.

माणसावरचा पहिला वापर १९७८ मध्ये झाला. ओसाका विद्यापीठाच्या रुग्णालयात अकिरा यामामोटो यांनी अठरा वर्षांच्या एका मुलीला कॉम्पॅक्टिन दिलं. तिला हा घराण्यातला आजार दोन्हीकडून मिळाला होता आणि तेव्हा तिच्यासाठी दुसरं फारसं काही करण्यासारखं नव्हतं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण तिच्या स्नायूंमधलं बळ जाऊ लागलं. औषध थांबवल्यावर त्रास गेला आणि नंतर कमी मात्रेनं ते पुन्हा सुरू केलं. स्टॅटिन घेणाऱ्या काही जणांना आजही डॉक्टर विचारतात, पाय दुखतात का, स्नायू आखडतात का. या प्रश्नाचा उगम त्या मुलीपाशी आहे. यकृताच्या अर्कात स्नायू नसतात आणि कोंबडी पाय दुखतात असं सांगू शकत नाही.

त्यानंतर कुत्र्यांनी घात केला, निदान तसं तेव्हा वाटलं. दोन वर्षं प्रचंड मात्रा दिलेल्या कुत्र्यांच्या आतड्यात कर्करोगासारखं काही दिसल्यावरून सांक्योनं १९८० मध्ये कॉम्पॅक्टिनचं काम बंद केलं. एन्डो तोवर कंपनी सोडून विद्यापीठात गेले होते. अमेरिकेतल्या मर्क कंपनीकडे दुसऱ्या एका बुरशीतून निघालेलं जवळजवळ तसंच लोव्हास्टॅटिन होतं. या बातमीनं त्यांनीही हात आखडला. पण गंभीर आजारी रुग्णांच्या डॉक्टरांचा आग्रह सुटेना. पुन्हा काळजीपूर्वक तपासण्या झाल्या, कुत्र्यांत कर्करोग आढळला नाही आणि १९८७ मध्ये लोव्हास्टॅटिनला अमेरिकेत परवानगी मिळाली. गंमत म्हणजे ज्या कुत्र्यांमुळे कॉम्पॅक्टिन बंद पडलं, त्याच कुत्र्यांच्या मूत्रात त्याचं एक रूपांतर सापडलं होतं. तेच प्राव्हास्टॅटिन नावानं १९८९ मध्ये जपानमध्ये बाजारात आलं.

एवढं होऊनही रक्तातला आकडा उतरला म्हणजे माणूस वाचला, हे कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. त्याचं उत्तर १९९४ मध्ये उत्तर युरोपातून आलं. आधीच हृदयविकार असलेल्या ४४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निव्वळ पोकळ गोळी दिली होती. पाच-साडेपाच वर्षांत पोकळ गोळीच्या गटात २५६ जण दगावले, औषधाच्या गटात १८२. मधल्या ७४ माणसांना आपण वाचलो हे कधी कळणारही नाही.

अशा प्रयोगांत किती प्राणी गेले, याचा विचार मनात येतोच, आणि तो यावाच. आपल्याकडे १९६० च्या कायद्यानं प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेखीची व्यवस्था घातली आहे. २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन माणसाच्या पेशींपासून बनवलेले छोटे अवयव, चिपवरचे अवयव अशा पद्धतींनाही प्राण्यांऐवजी वाव मिळाला. मला हे मनापासून आवडलं. उंदरापेक्षा माणसाच्या यकृताची पेशी माणसाबद्दल खरं बोलण्याची शक्यता जास्त. पण ओसाकाच्या त्या मुलीचं दुखणं यकृताच्या थाळीत दिसलं नसतं, तिथे स्नायूंची थाळी वेगळी मांडावी लागली असती, आणि ती मांडायला हवी हे आधी कुणाला तरी सुचावं लागलं असतं. सगळे प्राणी एकदम बाजूला सारता येतील असा दिवस अजून आलेला नाही, असं मला तरी वाटतं. मात्र एका जातीच्या उंदरानं दिलेलं उत्तर अंतिम मानायचे दिवस संपायला हरकत नाही.

एन्डो यांना २००८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल काही मिळालं नाही. ५ जून २०२४ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते गेले.