साठीनंतरची पहिली कादंबरी: खर्च तुमचा, तर हक्कही तुमचाच

आजचा भाग वाशी-नेरूळकडच्या निवृत्त श्रोत्यांसाठी. कादंबरी लिहून झालीय, आता ती स्वखर्चाने काढायचीय. फंडातले पैसे घालण्याआधी एवढं लक्षात घ्या: खर्च तुमचा, तर प्रकाशकही तुम्हीच.

आयएसबीएन विकत घ्यावा लागत नाही. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज केला, की लेखकालाही तो स्वतःच्या नावावर मोफत मिळतो. ‘पॅकेज’वाल्याने आपला क्रमांक घातला, तर नोंदीत प्रकाशक म्हणून त्याचंच नाव लागतं. करारातलं कॉपीराइटचं कलम नीट वाचा. हा हक्क लिहिताक्षणीच तुमचा होतो आणि तुमच्यानंतर ६० वर्षं वारसांकडे राहतो. म्हणून मृत्युपत्रात त्याचाही उल्लेख हवा.

एकदम हजार प्रती छापू नका. डिजिटल छपाईत पन्नासही निघतात. प्रत थोडी महाग पडते, पण पलंगाखाली गठ्ठे साचत नाहीत.

त्यातल्या चार प्रती बाजूला ठेवा. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि दिल्ली, मुंबई, चेन्नईतल्या नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते. पोस्टाचा खर्चही आपलाच. पण पतवंडांनाही तुमची कादंबरी कुठेतरी सापडावी, याची ती सोय आहे.