कचेरींतील सासुरवास

सासुरवास हा शब्द ऐकतांच आपणांस घराची आठवण होते, कचेरीची नाहीं. परंतु एकाच माणसास रोज टोचून बोलणें, चारचौघांत त्याचा पाणउतारा करणें, त्याला मुद्दाम एकटें पाडणें, हा प्रकार जेथें जेथें एकाच्या हातीं दुसऱ्याची भाकरी असते तेथें तेथें आढळतो. आपल्या वाचककुटुंबांतील पुष्कळ मंडळी आज लहानमोठे कारखाने, छापखाने, दवाखाने चालवितात. पदरीं दहावीस माणसें असलेल्या अशा धन्यांसाठींच हे चार शब्द.

माझा एक जुना विद्यार्थी हिशेबतपासनीस आहे. त्याच्या कचेरींतून एका वर्षांत तिघे उमेदवार काम सोडून गेले. "हल्लींच्या मुलांत चिकाटी म्हणून नाहीं, गुरुजी," असें तो मला म्हणाला. पुढें एक मुलगीहि सोडून गेली, आणि तिच्या वडिलांकडून खरी हकीगत कळली. कचेरींतील मुख्य सहायक तिच्या गांवाकडील उच्चारांची नक्कल करी, संध्याकाळीं दिलेलें काम सकाळीं मागे, मोबाइलवरील गटांत सर्वांदेखत तिच्या चुका मांडी, आणि तिनें हरकत घेतली कीं, "साधी थट्टाहि समजत नाहीं का?" म्हणून उलट तिलाच हिणवी. रविवार मावळूं लागला कीं त्या मुलीच्या पोटांत गोळा उठे. माझ्या विद्यार्थ्यास ह्यांतलें कांहींच ठाऊक नव्हतें काय? होतें. "माणूस तिखट आहे, पण काम चोख करतो," एवढें म्हणून तो गप्प बसला होता.

ह्या गप्प बसण्यांतच खरा दोष आहे. सासुरवास सासूच्या जिभेनें होतो खरा, पण टिकतो तो घरांतील कर्त्या पुरुषाच्या मौनानें. कचेरींतहि तेंच. धनी बोलत नाहीं, त्या अर्थीं त्याला हें मान्य आहे, असेंच पाहणारे समजतात; आणि उद्यां तेहि त्या खेळांत सामील होतात.

थट्टेची सबब कांहीं आजची नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वाक्पारुष्याचें स्वतंत्र प्रकरण आहे. कोणास त्याच्या व्यंगावरून हिणविल्यास, तें व्यंग खरें असलें तरी ३ पण दंड. खोटें असल्यास ६. आणि एकाक्ष मनुष्यास उपरोधानें सुंदर डोळ्यांचा म्हटल्यास १२. म्हणजे हंसत हंसत केलेला घाव त्या शास्त्रकारानें ह्या तिहींत सर्वांत जड मानला.

शिस्त आणि छळ ह्यांची मात्र गल्लत होऊं नये. चूक दाखविणें, मुदत घालून देणें, वाईट काम परत करणें, हा वरिष्ठांचा अधिकारच आहे. कामाची चूक दाखविली तर ती शिस्त. माणसाची लायकी काढली, आणि तीहि वारंवार, तर तो छळ.

स्वीडनमध्यें अशा छळाविरुद्ध १९९३ सालींच नियम झाले. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें २०१९ सालीं ह्याविषयीं करार संमत केला. आपल्याकडे स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसें असलेल्या प्रत्येक ठिकाणीं अंतर्गत समिति नेमणें त्यानें बंधनकारक केलें आहे. समितीची प्रमुख स्त्रीच असावी लागते, आणि चौकशी ९० दिवसांत पुरी करावी लागते. परंतु नोकरींतील रोजच्या टोमण्यांसाठीं, सर्वांना सारखा लागू पडेल असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाहीं. तेथें धन्यानेंच नियम घालून दिला पाहिजे.

माझ्या विद्यार्थ्यानें उशिरां कां होईना, तसें केलें. काय खपवून घेतलें जाणार नाहीं, हें एका कागदावर लिहून सर्वांसमक्ष वाचलें. तक्रार ऐकण्यास दोन माणसें नेमलीं; कारण पुष्कळदां छळणारा हाच निकटचा वरिष्ठ असतो, आणि मग दाद मागावी कोणाकडे? त्यानें सर्वांचें म्हणणें वेगवेगळें ऐकून घेतलें, तारखा व उच्चारलेले शब्द टिपून ठेवले. सहायकासहि बोलण्याची पुरी संधि दिली. कारण एकाच बाजूचें ऐकून दिलेला निकाल हाहि अन्यायच होय. तक्रार करणाऱ्याची जागा बदलावयाची नाहीं, हा नियम त्यानें आवर्जून घातला. शेवटीं सहायकास लेखी ताकीद दिली आणि उमेदवारांवरील त्याची देखरेख काढून घेतली.

नंतर तो त्या मुलीच्या घरीं गेला व तिच्या वडिलांदेखत तिची क्षमा मागितली. ती परत आली नाहीं. "त्या वेळीं आपण एकदां जरी बोललां असतां, तरी मी राहिलें असतें," एवढेंच ती म्हणाली. हें मला सांगतांना त्याचा आवाज कांपत होता.

धन्यांनो, आपलीं मुलें आणि सुनाहि उद्यां कोणाच्या तरी कचेरींत जाणार आहेत. तेथील धन्यानें त्यांच्यासाठीं जो शब्द उच्चारावा असें आपणांस वाटतें, तो आज आपल्या कचेरींत आपण उच्चारावा.