बिलिंग अडकलं? टेक्निशियनला फोन करायच्या आधी हे ३ मुद्दे तपासा

काउंटरवर गिऱ्हाईक उभं आणि कॉम्प्युटरवर नेट बंद. टेक्निशियन येईपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, व्हिजिट चार्ज वेगळाच. म्हणून आधी बिघाड नक्की कुठे आहे ते शोधा.

१. मोबाइल डेटा बंद करून दुकानाच्या वायफायवर बघा. तिथेही नेट नाही? मग कॉम्प्युटरला हात लावू नका. फायबरच्या डब्यावर 'लॉस'चा लाल दिवा लागला असेल तर लाइनचा सिग्नलच येत नाही. तक्रार नेट कंपनीकडे करा.

२. मोबाइलवर नेट चालतं, कॉम्प्युटरवर नाही? लॅन केबल दोन्ही टोकांना 'टक्' आवाज येईपर्यंत दाबा. तरी पोर्टजवळचा दिवा लागत नसेल तर केबल बदलून बघा.

३. दिवा लागतोय, तरी नेट नाही? नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी ॲड्रेस बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून ॲड्रेस मिळालेला नाही. आधी राउटर, मग कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

तरीही जमलं नाही तर टेक्निशियनला जरूर बोलवा, पण काय काय तपासलं ते फोनवरच सांगा. त्याचाही वेळ वाचतो. आणि एक जादा केबल, एक बिलबुक गल्ल्यात ठेवाच. नेट थांबलं तरी धंदा थांबता कामा नये!